रेडिओशेजारी संगणक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हौशी रेडिओ (परवाना घेऊन छंद म्हणून बिनतारी संपर्क साधणे) क्लबांमध्ये संगणकाच्या साहाय्याने चाललेल्या प्रयोगांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. परवान्याच्या अटी देशागणिक बदलतात, त्यामुळे येथे भर तांत्रिक बाजूवर आहे. प्रक्षेपण करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या परवान्यातील अटी स्वतः वाचून घ्याव्यात.

प्रश्न : मी आयुष्यभर मोर्स कानाने घेत आलो. आमच्या क्लबातील तरुण मंडळी मात्र आता एफटी-८ ही संगणकाने संदेश पाठवण्याची पद्धत लावून बसतात. संगणकच हाक देतो आणि संगणकच उत्तर वाचतो. यात हौशी रेडिओचे कौशल्य उरले कुठे? — एक ज्येष्ठ सदस्य

उत्तर : आपली खंत रास्त आहे, पण तिचा रोख संगणकाकडे नसावा असे आम्हांला वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेली टेलिप्रिंटर यंत्रे हौशी मंडळींनी रेडिओला जोडली, तेव्हापासून यंत्राने यंत्राशी बोलणे या छंदात रुळलेले आहे. पुढे १९९८ साली ब्रिटनमधील पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके-३१ ही पद्धत पुढे आणली आणि घरातील साध्या संगणकाच्या साउंड कार्डावर, वेगळे कोणतेही यंत्र न घेता, कळफलकावरून गप्पा मारणे शक्य झाले. एफटी-८ ही त्याच वाटेवरील पुढची पायरी आहे. स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी ती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. यांतील टेलर हे जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रसेल हल्स यांच्यासह मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ असून ते स्वतः जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहेत. गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत शोधून काढणे हे त्यांचे दोन्हीकडचे काम आहे.

या पद्धतीत काय घडते ते एकदा बारकाईने पाहावे, कारण कौशल्य तेथेच दडलेले आहे. प्रत्येक संदेश केवळ ७७ बिटांचा असतो. त्याला चूक ओळखण्यासाठी १४ बिट आणि चूक दुरुस्त करण्यासाठी ८३ बिट जोडले जातात, म्हणजे एकूण १७४ बिट होतात. एका चिन्हात ३ बिट या हिशेबाने त्यांची ५८ चिन्हे बनतात आणि त्यांत जुळवणीसाठी ७-७ चिन्हांचे तीन गट मिसळले जातात. अशी ७९ चिन्हे, प्रत्येकी ०.१६ सेकंद, आठ वेगवेगळ्या स्वरांत पाठवली जातात. १५ सेकंदांच्या प्रत्येक खिडकीत प्रक्षेपण १२.६४ सेकंद चालते आणि ते सुमारे ५० हर्ट्‌झ एवढ्याच जागेत मावते.

पडद्यावर ‘उणे २० डेसिबेल’ असा आकडा उमटला की संकेत गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतका होता, असे सांगितले जाते आणि नवखा सदस्य थक्क होतो. तो गोंगाट मात्र २५०० हर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यातील धरलेला असतो. संकेताच्या स्वतःच्या ५० हर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट पन्नासपटीने कमी भरतो, त्यामुळे तेथे संकेत गोंगाटाच्या साधारण निम्मा असतो आणि उरलेली उणीव चूक-दुरुस्तीचे बिट भरून काढतात. हा हिशेब ज्याला मांडता येतो तो ऑपरेटर आहे. ज्याला तो मांडायचाच नाही आणि केवळ संपर्क झालेल्या देशांची संख्या वाढवायची आहे, त्याच्याविषयीची आपली तक्रार आम्हांलाही मान्य आहे.

यावर एक उपाय सुचवतो. एफटी-८ चे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे आणि त्यासोबत ‘एफटी८कोड’ नावाची एक छोटी आज्ञावली मिळते. तिला एखादा संदेश दिला की ती त्याची ७९ चिन्हे अंकांत छापून दाखवते. क्लबच्या बैठकीत तरुण सदस्यांना ती चालवायला सांगावी आणि ३१४०६५२ हा अंकांचा गट सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनदा कोठे येतो ते शोधायला लावावे. हाच तो जुळवणीचा गट आहे. त्यानंतर तोच संकेत ध्वनिमुद्रित करून धबधबा-आलेखावर (कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारितेवर संकेत आहे ते दाखवणाऱ्या, सरकत्या चित्रावर) मोठा करून पाहिला, तर ती सात पावले डोळ्यांनी ओळखता येतात. आपण मोर्समध्ये ज्याला ‘लय कानात बसणे’ म्हणता, त्याच्या फार जवळचा अनुभव हा आहे आणि तो तरुणांना देण्यासाठी आपल्यासारखी व्यक्ती त्यांच्या शेजारी बसणे अत्यावश्यक आहे. ७७ बिटांत कॉलसाइन (केंद्राची ओळख-संज्ञा), ठिकाणाचा सांकेतिक चौकोन आणि संकेताचा दर्जा यांपलीकडे फारसे काही मावत नाही, हेही त्यांना सांगावे. ज्यांना माणसाशी बोलायचे आहे त्यांच्यासाठी मोर्स, पीएसके-३१ आणि आवाज हे मार्ग खुलेच आहेत.

प्रश्न : धबधबा-आलेखावर संकेत ठळक दिसतात, तरीही एकही संदेश वाचला जात नाही. — एक नवा परवानाधारक

उत्तर : प्रथम संगणकाचे घड्याळ तपासावे. खिडक्या वेळेला बांधलेल्या असल्यामुळे घड्याळ एखाद्या सेकंदाहून अधिक चुकले की वाचन घटते आणि आणखी थोडे चुकले की बंदच पडते. मोजके संदेश वाचले जात असतील आणि ‘डीटी’ (वेळेतील फरक) या रकान्यात सर्वांपुढे जवळजवळ सारखाच मोठा आकडा दिसत असेल, तर चूक त्यांची नसून आपल्या घड्याळाची आहे. इंटरनेट नसलेल्या जागी जीपीएस ग्राहकावरून वेळ घ्यावी.

प्रश्न : क्लबच्या जुन्या ट्रान्सीव्हरला (प्रक्षेपण आणि ग्रहण दोन्ही करणाऱ्या यंत्राला) आम्ही लॅपटॉप जोडला आहे. ग्रहण उत्तम होते, पण प्रक्षेपण केले की आसपासचे हॅम सांगतात की आमचा संकेत तीन ठिकाणी दिसतो. काही वेळा पीटीटी (प्रक्षेपण चालू-बंद करणारी कळ) सुटतच नाही आणि माउसही अडकतो. दोष ट्रान्सीव्हरचा की लॅपटॉपचा? — एका क्लबचे सचिव

उत्तर : बहुधा दोष दोघांचाही नसून त्यांच्यामधल्या दोन-तीन तारांचा आणि एका आवाजपट्टीचा आहे. आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहू.

संकेत तीन ठिकाणी दिसणे हे ध्वनिपातळी जास्त असल्याचे लक्षण आहे. समजा, आपण ७०० हर्ट्‌झचा स्वर पाठवत आहात. साउंड कार्डाच्या किंवा ट्रान्सीव्हरच्या पहिल्याच टप्प्यात तो छाटला गेला, तर १४०० आणि २१०० हर्ट्‌झवर त्याच्या प्रतिमा तयार होतात. एकपट्टा प्रक्षेपकाचा गाळक साधारण २७०० हर्ट्‌झपर्यंत सर्व काही पुढे सोडतो, म्हणून तिन्ही स्वर अँटेनावर जातात. ट्रान्सीव्हरवर एएलसीचा (पातळी आपोआप आवरणाऱ्या व्यवस्थेचा) काटा पाहत ध्वनिपातळी शून्यापासून हळूहळू वाढवावी आणि काटा हलू लागण्याच्या आतच थांबावे. आवाज दाबून भरीव करणारा स्पीच प्रोसेसर बंद असावा. याशिवाय स्वर १५०० हर्ट्‌झच्या वर ठेवण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे चुकून एखादी प्रतिमा तयार झालीच तरी ती ३००० हर्ट्‌झच्या पुढे पडते आणि गाळक तिला अडवतो. एवढी एक सवय क्लबातील सर्वांनी लावून घेतली, तरी शेजारच्या हॅम मंडळींच्या निम्म्या तक्रारी मिटतील असे आम्ही खात्रीने म्हणू.

शक्तीबाबतही एक सावधगिरी हवी. बोलताना प्रक्षेपकावर सतत पूर्ण भार नसतो, पण एफटी-८ मध्ये तो प्रत्येक वेळी सलग १२.६४ सेकंद असतो. जुन्या ट्रान्सीव्हरचे अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर त्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून दर्शनी शक्तीच्या निम्म्याहून कमी शक्तीवर काम करावे.

पीटीटी अडकणे आणि माउस गोठणे ही दुसरी तक्रार आहे. हे अँटेनावरील रेडिओशक्ती तारांवरून संगणकात परत शिरल्याचे चिन्ह आहे. खात्री करून घेण्यासाठी अँटेना काढून डमी लोड (शक्ती हवेत न सोडता जिरवणारा भार) लावावा. तक्रार नाहीशी झाली तर निदान पक्के झाले. त्यानंतर ध्वनीच्या दोन्ही तारांत ६०० ओहमचे एकास-एक विलगक ट्रान्सफॉर्मर घालावेत आणि पीटीटीच्या तारेत ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या साहाय्याने संकेत पुढे नेणारा दुवा) घालावा, म्हणजे संगणक आणि ट्रान्सीव्हर यांच्यात धातूचा थेट जोड राहत नाही. ग्रहणात येणारी विजेच्या पुरवठ्याची घरघरही बहुतेक वेळा याच उपायाने जाते. यूएसबीच्या तारेवर फेराइटचे कडे चढवून तारेचे काही वेढे त्यातून काढावेत. तार नुसती एकदा आरपार नेल्याने लघुलहरींवर फारसा फरक पडत नाही. अँटेनाच्या मुळाशी चोक (तारेवरून परतणारी रेडिओशक्ती अडवणारे वेटोळे) नसेल, तर खरे दुखणे तेथे आहे आणि बाकीचे उपाय तात्पुरते ठरतील.

संगणकाच्या सूचनांचे आवाज प्रक्षेपित होऊ नयेत यासाठी रेडिओकरिता वेगळे यूएसबी साउंड कार्ड राखून ठेवावे.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या, एका पाटीच्या संगणकाच्या पिनेवरून थेट डब्ल्यूएसपीआर (अगदी कमी शक्तीचा संकेत किती दूर पोहोचतो ते पाहण्याची पद्धत) संकेत पाठवता येतो असे वाचले. पिनेला तार जोडली की झाले ना? — एक विद्यार्थिनी, महाविद्यालयीन क्लब

उत्तर : झाले, असे म्हणता येणार नाही. पिनेवर मिळते ती चौकोनी लहर असते. तिच्यात मूळ वारंवारितेबरोबर तिच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींच्या लहरीही असतात आणि तिपटीच्या लहरीची उंची मूळ लहरीच्या एक-तृतीयांश, म्हणजे शक्ती एक-नवमांश असते. आपण १४.०९७ मेगाहर्ट्‌झवर पाठवत आहोत असे समजत असताना ४२.२९१ मेगाहर्ट्‌झवरही आपले प्रक्षेपण चालू राहते आणि तो पट्टा हौशी सेवेचा नाही. मूळ शक्ती दहा-एक मिलिवॅट असली तरी ही गोष्ट क्षम्य ठरत नाही, कारण याच पद्धतीने दहा मिलिवॅटचा संकेत हजारो किलोमीटर जाऊ शकतो.

म्हणून पिनेनंतर दिष्ट प्रवाह अडवणारा एक कपॅसिटर, त्यापुढे शक्यतो एक बफर (पिनेला अँटेनापासून वेगळा ठेवणारा मधला टप्पा) आणि मग त्या बँडसाठी बनवलेला लो-पास गाळक (वरच्या वारंवारिता अडवणारा) हवा. गाळकाची वेटोळी टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर) हाताने गुंडाळता येतात आणि एका बैठकीत चार-पाच जणांना हे काम शिकवून होते. बफर नसेल तर अँटेनावर साचणारा स्थिर विद्युतभार ३.३ व्होल्टची ती नाजूक पिन जाळू शकतो.

आणखी एक गोष्ट आपणास प्रयोगातूनच कळेल. डब्ल्यूएसपीआरचे चार स्वर एकमेकांपासून अवघे १.४६ हर्ट्‌झ दूर असतात आणि संदेश ११०.६ सेकंद चालतो. तेवढ्या वेळात पाटीवरील स्फटिक थंड-गरम झाला तर संकेत सरकतो. पाटीवर पंख्याचा वारा येऊ देऊन आणि नंतर ती डब्यात बंद करून, अशी दोन्ही प्रकारे चाचणी घ्यावी. आलेखावर रेघ तिरपी झालेली स्पष्ट दिसते.

प्रश्न : क्लबच्या सदस्यांना जोडणारे स्वतंत्र रेडिओजाळे उभारावे असा आमचा विचार आहे. इंटरनेट बंद पडले तरी ते चालावे. त्यावरून नेहमीची संकेतस्थळे आणि खासगी संदेश चालवता येतील का? — एका क्लबातील दोन संगणक अभियंते

उत्तर : विचार उत्तम आहे आणि त्याला मोठी परंपराही आहे. १९७८ साली कॅनडात हौशी मंडळींना पॅकेट पद्धतीने, म्हणजे छोटे गठ्ठे करून, माहिती पाठवण्याची मुभा मिळाली. मॉन्ट्रियलच्या गटाने त्याच वर्षी प्रयोग केले आणि व्हँकुव्हरच्या गटाने त्यासाठी नियंत्रक बनवला. पुढे अमेरिकेत ॲरिझोनातील टक्सन येथील गटाने असे नियंत्रक जुळणी-संचाच्या रूपात सर्वांसाठी खुले केले. व्यावसायिक जाळ्यांतील एक्स-२५ या नियमावलीत प्रेषक आणि ग्राहक यांच्या कॉलसाइनना जागा करून एएक्स-२५ तयार झाली. तिची दुसरी आवृत्ती १९८४ ची आहे आणि ती आजही वापरात आहे. इंटरनेट बाल्यावस्थेत असतानाच, १९८१ च्या सुमारास, हँक मॅग्नुस्की यांनी ४४ या अंकाने सुरू होणारा सुमारे १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा संपूर्ण गट हौशी रेडिओसाठी मिळवला. त्यांतील एक चतुर्थांश पत्ते २०१९ मध्ये ॲमेझॉनला विकले गेले आणि त्या रकमेतून आज हौशी रेडिओच्या प्रकल्पांना अनुदाने दिली जातात. उरलेले पत्ते परवानाधारकांसाठी अजूनही राखीव आहेत.

आता वेगाचा हिशेब पाहू. व्हीएचएफवरील (अतिउच्च वारंवारितेच्या पट्ट्यातील) नेहमीचे पॅकेट १२०० बिट प्रतिसेकंद या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १५० बाइट. तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र पाठवायला, कोणताही अडथळा आला नाही असे धरले तरी, साडेपाच तास लागतील. याउलट दोनशे अक्षरांचा एखादा निरोप दोन-तीन सेकंदांत जातो. संकटकाळी उपयोगी पडतात ते असेच निरोप: कोण कोठे आहे, काय हवे आहे, कोणता रस्ता बंद आहे. आजची संकेतस्थळे या जाळ्यावर आणण्याचा आग्रह सोडावा. वेग हवाच असेल तर २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झमधील राउटरचे सॉफ्टवेअर बदलून सूक्ष्मलहरींचे जाळे विणता येते, मात्र त्यासाठी दोन टोकांमध्ये मोकळी दृष्टिरेषा असावी लागते.

खासगी संदेशांबाबत आमचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५ व्या अनुच्छेदानुसार निरनिराळ्या देशांतील हौशी केंद्रांमधील संदेश अर्थ लपवण्याच्या हेतूने सांकेतिक करता येत नाहीत. उपग्रहांच्या नियंत्रण-आज्ञांना तेवढा अपवाद आहे. अनेक देशांनी हाच नियम आपल्या हद्दीतील संपर्कांनाही लावला आहे. आज जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ कूटबद्ध जोडणीवर चालत असल्याने ते जसेच्या तसे हौशी बँडवर आणणे नियमात बसत नाही. संगणक क्षेत्रातून आलेल्या सदस्यांना हे बंधन जाचक वाटते याची आम्हांला कल्पना आहे. तरीही आम्ही ते मनापासून योग्य मानतो. कोणीही ऐकावे, समजून घ्यावे आणि चूक दाखवावी, या मोकळेपणावरच हौशी सेवेला वारंवारिता बहाल झाल्या आहेत आणि व्यापारी वापर त्यांत शिरू नये यासाठी तोच एक प्रभावी पहारा आहे.

लपवणे आणि ओळख पटवणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. संदेश उघडा ठेवून त्याखाली डिजिटल स्वाक्षरी जोडली तर त्याचा अर्थ झाकला जात नाही आणि तो कोणी पाठवला याची खात्रीही होते. डोंगरावरील केंद्राला दुरून आज्ञा देताना संकेतशब्द हवेतून कधीही पाठवू नये, कारण तो कोणीही टिपू शकतो. केंद्राने दर वेळी एक नवा अंक विचारावा आणि सदस्याने गुप्त किल्ली वापरून त्याचे उत्तर काढून पाठवावे. ते उत्तर पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आपण दोघे अभियंते आहात. क्लबसाठी हे काम आपण लिहून काढावे आणि त्याची आज्ञावली व पद्धत प्रसिद्ध करावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

डोंगरमाथ्यावर केंद्र बसवताना एक अडचण हमखास येते. डोंगराच्या दोन बाजूंचे सदस्य एकमेकांना ऐकू शकत नाहीत, पण माथ्यावरील केंद्राला दोघेही ऐकू येतात. ‘वाहिनी मोकळी आहे’ असे समजून दोघे एकाच वेळी बोलतात आणि दोन्ही पॅकेट वाया जातात. सदस्य वाढले की जाळे मंद होण्याऐवजी एकदम कोसळते ते यामुळेच. माथ्यावरील केंद्राने प्रत्येकाला आळीपाळीने विचारणे किंवा केंद्राला निराळ्या वारंवारितेवर ऐकायला लावून तेच त्याच क्षणी दुसरीवर सर्वांना ऐकवणे, हे दोन उपाय आहेत. दुसरा खर्चिक, पण अधिक खात्रीचा आहे.

प्रश्न : अजून परवाना मिळालेला नाही. तोवर काय करावे? — एक शाळकरी वाचक

उत्तर : ऐकावे. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आले की, आरटीएल-२८३२यू ही चिप असलेला दूरचित्रवाणीचा स्वस्त यूएसबी ग्राहक कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकतो. सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने, प्रत्येकात ८ बिटांच्या दोन संख्या. तयार सॉफ्टवेअरने ऐकून झाले की ते नमुने फाइलीत साठवावेत आणि एफएम केंद्राचा आवाज स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीने बाहेर काढून पाहावा. नमुन्यातील दोन संख्यांनी आलेखावर एक बिंदू ठरतो; लागोपाठच्या दोन नमुन्यांमध्ये त्याचा कोन किती बदलला एवढेच मोजायचे असते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८ मेगाहर्ट्‌झवर अधूनमधून चित्रे पाठवली जातात. तीही साध्या अँटेनाने घेता येतात. ऐकण्याविषयीचे नियम मात्र मोठ्यांकडून समजून घ्यावेत.

प्रश्न : क्लबने वर्षभर चालेल असा एखादा खरा प्रयोग हाती घ्यायचा असेल, तर कोणता घ्यावा? — क्लबच्या तांत्रिक समितीचे सदस्य

उत्तर : क्लबच्या दोन अँटेनांची तुलना करावी. ‘ही अँटेना दूरवर चांगली चालते’ अशी विधाने प्रत्येक क्लबात ऐकू येतात आणि बहुधा ती एका रात्रीच्या अनुभवावर बेतलेली असतात. आयनांबर (रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर) मिनिटामिनिटाला बदलत असताना असा अनुभव फसवा ठरतो.

जो टेलर यांनीच २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली डब्ल्यूएसपीआर ही पद्धत या कामासाठी चपखल आहे. कॉलसाइन, ठिकाणाचा चौकोन आणि शक्ती एवढाच ५० बिटांचा संदेश दर सम मिनिटाला सुरू होतो आणि जगभरची ग्राहक केंद्रे तो ऐकून संकेत-गोंगाट गुणोत्तर आपोआप एका सामायिक संग्रहात नोंदवतात. दोन सदस्यांच्या दोन कॉलसाइननी, सारख्या शक्तीच्या दोन प्रक्षेपकांवरून, काही दहांच्या पटीतील हर्ट्‌झ अंतर ठेवून एकाच वेळी पाठवावे आणि ठरावीक दिवसांनी प्रक्षेपकांची अदलाबदल करावी, म्हणजे प्रक्षेपकांतील फरक अँटेनाच्या नावावर जमा होणार नाही. दोन्ही अँटेना एकमेकींना खेटून असतील तर त्या परस्परांवर परिणाम करतात, म्हणून त्यांच्यात जमेल तितके अंतर ठेवावे.

नोंदी उतरवून घेतल्यावर केवळ अशाच जोड्या निवडाव्यात, ज्यांत एकाच ग्राहकाने त्याच दोन मिनिटांत दोन्ही संकेत ऐकले आहेत. त्या ग्राहकाच्या जागचा गोंगाट दोन्हींना सारखाच असल्याने फरकात तो वजा होतो. फरकांची सरासरी न घेता मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा आणि तो अंतरानुसार व दिवस-रात्रीनुसार वेगळा मांडावा, कारण जवळच्या केंद्रांवर जिंकणारी अँटेना दूरच्या केंद्रांवर हरू शकते. येथे एक खाचखळगा आहे: जेथे एकच संकेत ऐकू आला आणि दुसरा गोंगाटात बुडाला, त्या नोंदी जोडीत बसत नाहीत म्हणून गळतात आणि कमकुवत अँटेना आहे त्याहून बरी दिसू लागते. अशा एकेकट्या नोंदींची मोजणी वेगळ्या रकान्यात अवश्य ठेवावी. संदेशात शक्तीचा आकडा अँटेनाच्या तारेवर प्रत्यक्ष मोजून भरावा. तार ताणली, खांब हलवला, जोडाला पुन्हा डाग दिला, असा प्रत्येक बदल जागतिक समन्वित वेळेसह नोंदवहीत लिहावा, म्हणजे आलेखात एखाद्या दिवशी अचानक पायरी दिसली तर तिचे कारण आयनांबरात शोधत बसावे लागणार नाही.